सोलर लावायचेत? आधी छत आणि नटबोल्ट नीट तपासून घ्या

सोलर घ्यायचं ठरलं की सगळी चर्चा किती किलोवॅट, कुठला इन्व्हर्टर, किती वर्षांची वॉरंटी यावरच होते आणि छताबद्दल एकच प्रश्न येतो, "वजन पेलेल ना?" समोरचा म्हणतो "आरामात पेलेल" आणि विषय तिथेच मिटतो. धडधाकट स्लॅब असेल तर त्याचं म्हणणं बहुतेक वेळा खरंही असतं. पण खरी भानगड वजनाची नाहीये, वाऱ्याची आहे. पॅनलच्या भाराने छत खाली येईल ही भीती सगळ्यांना असते, पण पॅनल स्ट्रक्चरसकट वर उचलले जातील हे फार कमी लोक विचारात घेतात, आणि वादळानंतर जे फोटो फिरतात ना, शेजारच्या अंगणात उलटी पडलेली अख्खी रांग, ते सगळे याचेच असतात.

आधी आकडे बघू म्हणजे कशाची किती काळजी करायची ते कळेल. आजकालचा ५४० वॅटचा पॅनल साधारण २८ चौरस फुटांचा असतो आणि वजन २८ किलोच्या आसपास, म्हणजे चौरस फुटाला किलोभर. खालचं लोखंड धरून दीड ते दोन किलो. घराच्या गच्चीचा स्लॅब माणसं, सामान वगैरे मिळून साधारण चौरस फुटाला १४ ते १८ किलो जादा भार धरून डिझाइन केलेला असतो. आता हेही बघा, गच्चीवर एक इंच पाणी साचलं तर त्याचं वजन चौरस फुटाला जवळजवळ अडीच किलो होतं, म्हणजे तुंबलेली पन्हळ सोलरपेक्षा जड.

आता वारा. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो, वेग दुप्पट झाला तर दाब चौपट. ताशी १०० किमीच्या वाऱ्याचा दाब चौरस फुटाला साडेचार किलोच्या आसपास, आणि १५० किमीला तोच १० किलोच्या जवळ जातो. सहा पॅनलचं एक टेबल, म्हणजे एकाच सांगाड्यावर बसवलेले सहा पॅनल धरा, क्षेत्रफळ १६८ चौरस फूट, म्हणजे १५० च्या वाऱ्यात ढोबळमानाने १६०० किलोपेक्षा जास्त जोर, आणि त्या टेबलचं स्वतःचं वजन लोखंडासकट ३०० ते ३५० किलो. वारा खालून घुसला तर उरलेले तेराशे किलो कोण धरणार? चार पाय असतील तर प्रत्येकी सव्वातीनशे, आणि तेही सगळीकडे सारखं वाटलं जात नाही, कडेच्या पायावर जास्त येतं. हा हिशोब ढोबळ आहे, पॅनलचा कोन, इमारतीची उंची, आजूबाजूला मोकळं आहे की दाटी आहे यावर खरा आकडा कमीजास्त होतो आणि तो तुमच्या भागाचा वाऱ्याचा वेग घेऊन स्ट्रक्चरल इंजिनिअरने काढायचा असतो. पण कसल्या जोराशी गाठ आहे एवढं कळायला पुरे.

म्हणून तपासणी करताना डोक्यात एकच गोष्ट ठेवायची. हा वर ओढणारा जोर पॅनलमधून क्लॅम्पमध्ये (पॅनल पकडणारी पकड), क्लॅम्पमधून रेलमध्ये (पॅनलखालची आडवी पट्टी), तिथून पायात, बेसप्लेटमध्ये (पायाखालची लोखंडी प्लेट), अँकरमध्ये (प्लेट छताला धरणारा बोल्ट) आणि शेवटी काँक्रीटमध्ये किंवा तुळईत जातो, आणि यातली जी जागा सगळ्यात कच्ची तिथेच सगळं सुटतं. महागडे पॅनल आणि जाडजूड पाइप घेऊन खाली दोन इंचाचे साधे फास्टनर, म्हणजे छोटे अँकर बोल्ट, मारलेले असतील तर तुमचं स्ट्रक्चर त्या दोन इंचांएवढंच मजबूत आहे.

सुरुवात खालून करा

छत तपासायचं म्हटलं की सगळे आधी गच्चीवर पळतात. तसं नका करू. स्लॅबची तब्येत खालून कळते, वरच्या मजल्यावरच्या खोल्यांच्या सिलिंगवरून. पीओपी किंवा फॉल्स सिलिंग असेल तर दोनचार ठिकाणी उघडून बघायला लागेल, वैताग आहे पण इलाज नाही.

बघायचं काय, तर पहिलं म्हणजे तपकिरी गंजाचे डाग, सळईच्या रेषेत गेलेल्या सरळ चिरा, प्लास्टरचे फुगलेले पोपडे. सळई गंजली की गंज मूळ लोखंडाच्या कितीतरी पट जागा घेतो आणि आतून काँक्रीट ढकलतो, म्हणून ते आधी फुगतं मग चिरतं मग पडतं. पडलेल्या जागी नुसतं प्लास्टर करून रंग मारलेला असेल तर वरवर छान दिसेल, म्हणून लाकडी दांडा किंवा हलकी हातोडी घेऊन हळूहळू ठोकत जा. भरीव काँक्रीटचा आवाज टणक येतो, सुटलेल्या भागाचा पोकळ, ढबढब असा येतो. पोकळ आवाज आला तिथे खडूने गोल करा. एक-दोन हाताएवढे गोल आले तर ते प्लास्टरच सुटलेलं असू शकतं, पण अर्धं सिलिंग खडूने भरलं तर सोलरचा विषय बाजूला ठेवून आधी स्लॅबची दुरुस्ती.

चिरांचं म्हणाल तर सगळ्याच चिरा घाबरायच्या नसतात. केसासारख्या बारीक, जाळीसारख्या चिरा बहुतेक प्लास्टरच्या असतात. एटीएम कार्डाची जाडी पाऊण मिमी असते, चिरेत कार्डाची कड शिरत असेल तर ती चीर इंजिनिअरला दाखवायलाच हवी, आणि कार्ड शिरलं नाही म्हणजे सगळं ठीक असं मात्र समजू नका. बीमवरच्या चिरा कुठे आणि कशा दिशेने आहेत ते जास्त महत्त्वाचं आहे. बीमच्या मधोमध खालच्या अंगाला उभ्या बारीक चिरा असणं तसं सर्रास आढळतं, पण कॉलमजवळ तिरक्या, ४५ अंशात गेलेल्या चिरा दिसल्या तर थांबा. ती जागा आधीच ताणाखाली आहे, वर काहीही बसवायच्या आधी माणूस बोलवा.

स्लॅब मधे झोळ खाल्लाय का हे बघायला बीमच्या तळाला किंवा सिलिंगला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणून मधलं अंतर मोजा. सर्वसाधारण मर्यादा स्पॅन (दोन आधारांमधलं अंतर) भागिले २५० अशी धरतात, म्हणजे १० फुटांच्या स्पॅनला १२ मिमी. प्लास्टर मुळातच वाकडं असू शकतं त्यामुळे एका मोजमापावरून निष्कर्ष काढू नका, पण २०-२५ मिमी झोळ दिसला तर तो प्लास्टरवाल्याच्या माथी मारून मोकळं होता येणार नाही.

हे सगळं तुम्ही स्वतः करू शकता. त्यापुढचं म्हणजे रिबाउंड हॅमर (काँक्रीटच्या पृष्ठभागाच्या कठीणपणावरून ताकदीचा अंदाज), अल्ट्रासोनिक चाचणी (आतल्या पोकळ्या आणि चिरा), कव्हर मीटर (सळई किती खोल आणि कुठे) हे इंजिनिअरचं काम. इमारत ३०-४० वर्षांची असेल, समुद्राजवळ असेल, किंवा वरच्या मजल्याला वर्षानुवर्षं गळती असेल तर या चाचण्यांना नाही म्हणू नका. नव्या इमारतीला बहुतेक वेळा ड्रॉइंगवर भागतं. ड्रॉइंग म्हणजे स्ट्रक्चरल ड्रॉइंग बरं का, घराचा प्लॅन नव्हे. त्यात स्लॅबची जाडी, बीम कुठे आहेत, सळया किती आणि कशा हे असतं. नसेल तर निदान खालच्या बीमची मापं घेऊन गच्चीवर खडूने त्यांच्या रेषा मारा. हे काम अर्ध्या दिवसाचं आहे आणि पुढे पाय कुठे ठेवायचे हे ठरवताना याचा जेवढा उपयोग होतो तेवढा कशाचाच होत नाही.

एक राहिलं, सगळे स्लॅब भरीव नसतात. पोकळ ब्लॉकचे, फिलर स्लॅब, प्रीकास्ट फळ्यांचे, किंवा पोस्ट टेन्शन केलेले असतात. पोस्ट टेन्शनवाल्या स्लॅबमध्ये आत ताणलेल्या केबल असतात आणि त्यातली एक जरी ड्रिलने तुटली तर प्रकरण गंभीर आहे, तिथे बिल्डरची ड्रॉइंग आणि स्कॅनिंग झाल्याशिवाय कुणाला ड्रिल हातात घेऊ देऊ नका. पोकळ ब्लॉकमध्ये अँकर धरणारच नाही, तो बरगडीत (ब्लॉकमधल्या भरीव काँक्रीटच्या पट्टीत) किंवा बीममध्येच जायला पाहिजे.

आता गच्चीवर

पावसानंतर किंवा बादल्या ओतून पाणी कुठे साचतंय ते बघा. साचतं त्या जागी पाय आला तर बेसप्लेट कायम पाण्यात उभी राहणार, गंजणार, आणि तिथून पाणी अँकरच्या भोकात शिरणार. वॉटरप्रूफिंग किती जुनं आहे तेही आत्ताच विचारात घ्या कारण पॅनल २५ वर्षं टिकायच्या हिशोबाने बसवतात आणि वॉटरप्रूफिंग तेवढं टिकत नाही. एकदा वर स्ट्रक्चर उभं राहिलं की त्याखाली नवीन थर मारणं म्हणजे सगळं उतरवून परत चढवणं. गळतंय किंवा गळायच्या बेतात आहे तर ते आधी करून घ्या आणि मग सोलर, उलट क्रम कधीच नको.

आता कोब्याबद्दल जरा सविस्तर बोलतो कारण फसगत इथेच होते. खूप गच्च्यांवर स्लॅबच्या वर विटांचे तुकडे आणि मसाल्याचा थर असतो, तीन इंचांपासून सहा इंचांपर्यंत, त्यावर सिमेंटचं फिनिशिंग किंवा चायना मोझॅक. वरून बघताना तो काँक्रीटसारखाच दिसतो. फिटर येतो, चार इंचाचा फास्टनर मारतो, घट्ट आवळतो, हलवून दाखवतो, मस्त घट्ट. पण तो फास्टनर स्लॅबपर्यंत पोचलेलाच नाही, तो विटांच्या तुकड्यांत बसलाय. तो दाब घेईल, ओढ घेणार नाही. शिवाय भोक पाडल्यामुळे वॉटरप्रूफिंग फुटलं ते वेगळंच आणि पाणी आत शिरून चार हात लांब कुठेतरी खालच्या खोलीत उतरणार, मग गळती नेमकी कुठून हे शोधत बसा. कोबा आहे का हे कळायला जिना गच्चीला मिळतो तिथे किंवा पन्हळीच्या तोंडाशी थराची जाडी दिसते, नाहीतर वरचा तळ आणि खालचं सिलिंग यातलं एकूण अंतर मोजा, ९-१० इंच आलं तर एवढा जाड स्लॅब घराला सहसा नसतो, साधारण ४ ते ६ इंच असतो, बाकीचा कोबा.

कोबा असेल तर बरोबर पद्धत म्हणजे पायाच्या जागी कोबा स्लॅबपर्यंत फोडायचा, स्लॅबचा पृष्ठभाग टाचून खडबडीत करायचा, स्लॅबमध्ये केमिकलने सळया बसवायच्या, त्यावर बाँडिंग कोट (जुनं-नवं काँक्रीट चिकटवणारा थर) मारून काँक्रीटचा पेडेस्टल म्हणजे चौथरा ओतायचा आणि पेडेस्टलभोवती वॉटरप्रूफिंग वर चढवून गोलाई देऊन बंद करायचं. मेहनत आहे, खर्चही आहे, म्हणूनच कोटेशन घेताना हे लेखी असलं पाहिजे. नुसता टाइलवर ओतलेला ठोकळा आणि हा पेडेस्टल काम झाल्यावर बाहेरून सारखेच दिसतात, त्यामुळे ओतायच्या आधी आतल्या सळयांचा फोटो मागा.

कठड्याला, म्हणजे पॅरापेटला, स्ट्रक्चर बांधायची कल्पना कुणी दिली तर नम्रपणे नाही म्हणा. तो बहुतेक वेळा विटांचा असतो आणि तिथे ओढ लागली की कठड्यासकट खाली. पाण्याच्या टाकीच्या स्टँडला, जुन्या डिशच्या अँगललाही तेच लागू.

जागा आखताना कडा आणि कोपरे सोडा. छताच्या काठावर आणि विशेषतः कोपऱ्यात वारा भोवरे करतो आणि तिथली उचल मधल्या भागापेक्षा कितीतरी जास्त असते, शिवाय साफसफाईला फिरायला जागा लागतेच, तर सगळ्या बाजूंनी निदान तीन-चार फूट सोडले तर दोन्ही कामं होतात. एखादा पॅनल जास्त बसावा म्हणून तो कठड्याबाहेर काढणाऱ्यांचं मला कौतुक वाटतं, वादळात पहिला मान त्यांचाच. इमारतीला एक्स्पान्शन जॉइंट (इमारतीच्या दोन भागांत मुद्दाम ठेवलेली फट) असेल तर एक टेबल त्याच्या दोन्ही बाजूंना पाय ठेवून उभं करू नका, दोन भाग वेगवेगळे हलतात.

उंच स्ट्रक्चर, म्हणजे खालून माणूस चालेल असं ७-८ फुटांचं, हे वेगळंच प्रकरण आहे. लोकांना आवडतं कारण गच्ची मोकळी राहते. पण उंच पायाच्या तळाशी नुसती ओढ नसते, वाऱ्याने तो आडवा ढकलला जातो आणि पाय बुडापासून उपटायला बघतो. पातळ स्लॅबच्या मधोमध असा पाय उभा करणं मला अजिबात पटत नाही, तो बीमवर किंवा कॉलमच्या डोक्यावरच यायला पाहिजे, कर्ण म्हणजे तिरके ब्रेसिंग पाहिजेत, आणि त्याची डिझाइन शीट सहीसकट पाहिजे. "आम्ही असंच करतो सगळीकडे" हे डिझाइन नाही.

अँकर की ठोकळे

भोक पाडायचंच नाही म्हणून ठोकळ्यांच्या वजनावर स्ट्रक्चर ठेवतात, ते चूक नाही पण वजन मोजून ठेवायला पाहिजे. एक फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काँक्रीटचा ठोकळा ६५ ते ७० किलोचा होतो. वर काढलेली सव्वातीनशे किलोची ओढ आणि हा सत्तर किलोचा ठोकळा, तुम्हीच बघा. पुरेसं वजन ठेवायला गेलात की मग मात्र स्लॅबवरचा भार खरोखर वाढतो, म्हणजे सुरुवातीला जो प्रश्न सोपा होता तो आता अवघड होतो. ठोकळे परवडतात ते कमी कोनाच्या, छताला चिकटून असलेल्या, मागून वारा अडवणारे पत्रे लावलेल्या आणि एकमेकांना जोडलेल्या रांगांना. खाली रबर पॅड घाला, नाहीतर वॉटरप्रूफिंग घासतं, आणि पाण्याची वाट अडवू नका.

अँकरमध्ये साधारण दोन जाती. फुगणारे म्हणजे एक्स्पान्शनवाले, आणि केमिकलवाले. फुगणारा अँकर काँक्रीटला आतून बाजूला दाबत धरतो, त्यामुळे कडेजवळ किंवा जुन्या कमकुवत काँक्रीटमध्ये तो धरण्याऐवजी चीर पाडतो. जुन्या पातळ स्लॅबला मी केमिकलच म्हणेन. पण केमिकल अँकरची सगळी ताकद भोक किती स्वच्छ आहे त्यावर आहे आणि घाईत नेमकं तेच राहतं. भोक पाडलं, फुंकलं, तारेचा ब्रश फिरवला, परत फुंकलं, परत ब्रश, परत फुंकलं, असं करायचं असतं. तोंडाने फुंकून नाही, पंपाने. धूळ राहिली तर केमिकल काँक्रीटला नाही, धुळीला चिकटतं. मग केमिकल तळापासून भरत यायचं, रॉड फिरवत घालायचा, कडेने थोडं बाहेर आलं पाहिजे, आणि ट्यूबवर तापमानाप्रमाणे जेवढा वेळ दिलाय तेवढा वेळ हात लावायचा नाही. गरमीत तो कमी असतो, थंडीत काही तास जातात. लगेच नट आवळला की संपलं.

मापं सांगायची तर एम १० म्हणजे १० मिमी जाडीच्या रॉडला साधारण १२ मिमीचं भोक आणि ९० मिमी खोली अशी सर्रास धरतात (नेमकं कंपनीच्या तक्त्यात बघा), आणि भोकाच्या खोलीपेक्षा स्लॅब निदान ३० मिमी जाड पाहिजे. म्हणजे पाच इंची स्लॅबला ते बसतं, चार इंचीला बसत नाही, तिथे खालून पार निघालेला ड्रिल सिलिंगमधून डोकावेल. दोन अँकर एकमेकांच्या फार जवळ नकोत, कारण अँकर उपटतो तेव्हा काँक्रीटचा शंकू घेऊन येतो आणि दोन शंकू एकमेकांत शिरले तर दोघांची मिळून ताकद दुप्पट होत नाही. ड्रिलला सळई लागली तर सळई कापत खाली जायचं नाही, बेसप्लेटच थोडी सरकवायची आणि वाया गेलेलं भोक ग्राउटने (भरणीचा सिमेंटचा मसाला) भरायचं.

आणि पुल-आउट टेस्ट मागा. छोट्या हायड्रॉलिक जॅकने अँकर वर ओढून बघतात, डिझाइनच्या ओढीपेक्षा थोडं जास्त, आणि हलतो का ते बघतात. सगळ्या अँकरची गरज नाही, दोनतीन ठिकाणी केली तरी स्लॅब कसा आहे ते कळतं. जुन्या इमारतीत ही एक चाचणी बाकी सगळ्या गप्पांपेक्षा खरी.

पत्रा आणि कौलं

पत्र्याच्या शेडला मात्र वजनही मोजायला लागतं. अर्धा मिमीच्या पत्र्याचं स्वतःचं वजन चौरस मीटरला जेमतेम ५ किलो आणि त्यावर आपण सोलरचे १२ ते १५ टाकणार, म्हणजे ट्रस (छताचा त्रिकोणी लोखंडी सांगाडा) आणि परलिनवर (ट्रसवरच्या आडव्या पट्ट्या, ज्यांना पत्रा लावतात) कायमचा भार एकदम कितीतरी पट. शेड बांधताना काटकसर केलेली असते त्यामुळे शिल्लक ताकद फारशी नसते. परलिन गंजलेत का, मधे वाकलेत का, ट्रसचे वेल्ड तुटलेत का, आणि पत्र्याचे जुने स्क्रू उखडलेत का हे बघा. स्क्रू शक्यतो परलिनमध्ये जायला पाहिजे, नुसत्या पत्र्यात नाही. नुसत्या पत्र्यावर बसणाऱ्या छोट्या रेलही असतात आणि जाड पत्र्याला त्या चालतात, पण तिथे पत्रा परलिनला किती घट्ट धरलाय यावर सगळं अवलंबून, वारा पत्र्यासकट नेऊ शकतो. भोक नेहमी उंचवट्यावर, खोलगट भागात पाणी वाहतं. रबरी वायसर इतकाच आवळा की रबर किंचित फुगेल, चपटा होऊन बाहेर आला म्हणजे फाटला. उभ्या घडीचा म्हणजे स्टँडिंग सीमचा पत्रा असेल तर घडीला पकडणारे क्लॅम्प मिळतात, एकही भोक लागत नाही.

सिमेंटचे जुने पत्रे असतील तर त्यात ॲस्बेस्टॉस असू शकतं. भोक पाडू नका, कापू नका, त्याची धूळ फुफ्फुसात जाऊन वर्षांनी आजार करते. शिवाय ते ठिसूळ असतात, पाय ठेवला की आरपार माणूस खाली. उजेडासाठी लावलेल्या प्लॅस्टिकच्या पत्र्यांचंही तेच, वरून धुळीने ते ओळखू येत नाहीत. आधी पत्रे बदला मग बोलू.

कौलारू छताला हुक वाशांना लागतो, रिपांना नाही. माळ्यावर चढून वासे बघा, वाळवीची मातीची नळी, भुसा, काळपट ओल, आणि स्क्रूड्रायव्हर टोचून बघा, चांगल्या लाकडात तो शिरत नाही, कुजलेल्यात सहज जातो. हुकावर कौल टेकता कामा नये, वाऱ्याने हुक हलला की कौल फुटतं, म्हणून कौलाला खालून खाच घासून घेतात. काही फुटकी कौलं बदलावी लागणार हे धरूनच चाला, आधीच जादा आणून ठेवा.

लोखंड, बोल्ट आणि क्लॅम्प

माल साइटवर आला की बसवायच्या आधी बघा, नंतर कुणी परत घेत नाही. गॅल्वनाइज्ड म्हणजे सगळं सारखं नसतं. वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेलं म्हणजे हॉट डिप, जाड लोखंडावर थर साधारण ८० मायक्रॉनच्या आसपास असतो, आणि आधीच पातळ थर दिलेल्या पट्टीपासून वळवलेलं जे मिळतं त्यावर बऱ्याचदा २० मायक्रॉन. फरक डोळ्यांनी ओळखणं कठीण, कोटिंग मोजायचं छोटं मीटर मिळतं, सप्लायरला ते घेऊन यायला सांगा. साइटवर कापलं, भोक पाडलं, वेल्ड केलं की तिथला थर गेलाच, त्या जागी जस्ताचा रंग मारलेला असला पाहिजे, चंदेरी ऑइलपेंट नव्हे. खरं तर साइटवर वेल्डिंग असूच नये, बोल्टने जुळणारंच स्ट्रक्चर घ्या.

नटबोल्ट स्टेनलेसचे, आणि डोक्यावर ए२-७० असं लिहिलेलं म्हणजे ३०४ च्या जातीचे, ए४ म्हणजे ३१६ च्या जातीचे. समुद्राजवळ ए४च घ्या. डोक्यावर काहीच नाही तर तो कुठला स्टील आहे देव जाणे, चकचकीत दिसणारे स्वस्तातले २०२ चे बोल्ट खाऱ्या हवेत तपकिरी व्हायला वेळ लागत नाही. स्टेनलेसचा नट स्टेनलेसच्या बोल्टवर सुका आणि जोरात फिरवला की अडकून बसतो, कापूनच काढावा लागतो, म्हणून अँटीसीझ पेस्ट थोडी लावायची आणि इम्पॅक्ट ड्रिल जपून. ॲल्युमिनियम आणि साधं लोखंड एकमेकांना थेट टेकलं आणि त्यात ओल आली की ॲल्युमिनियम खाल्लं जातं, मधे रबर किंवा प्लॅस्टिकचा पॅड पाहिजे.

क्लॅम्पचं एक छोटंसं पण महत्त्वाचं. पॅनलच्या फ्रेमची जाडी ३० मिमी असते किंवा ३५, आणि कडेचा क्लॅम्प त्याच मापाचा लागतो. चुकीचा लावला तर तो तिरका बसतो, वरून घट्ट वाटतो पण अर्धाच पकडलेला असतो. क्लॅम्प फ्रेमवर कुठे लावायचा तेही पॅनलच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. पॅनलवर २४०० किंवा ५४०० पास्कल असा जो दाब लिहितात तो त्याच जागी पकडलं तर, कोपऱ्याला किंवा अगदी मधे पकडलं तर तो आकडा विसरा, वॉरंटीही जाऊ शकते. आवळायचं टॉर्क रेंचने (किती जोराने आवळलं ते मोजणारा पाना), एम ८ ला बऱ्याच कंपन्या १२ ते १६ न्यूटन मीटरच्या दरम्यान सांगतात, आपलं मॅन्युअल बघा. "हाताला कळतं आम्हाला" म्हणणाऱ्या फिटरच्या हातात रेंच द्या आणि त्याचाच आकडा त्याला दाखवा, मजा येते.

ॲल्युमिनियमची रेल लांबच लांब एकसंध ठेवू नका. १२ मीटरची रेल ४० अंशांच्या फरकाने ११ मिमी लांबी बदलते, रोज, आणि तो सगळा ताण बोल्टवर आणि पॅनलवर येतो, म्हणून मधे जोडाला फट ठेवतात.

माल चढवताना

हे कुणी सांगत नाही. तीसेक पॅनलचं एक पॅलेट ८०० किलोच्या वर जातं आणि जागा घेतं एका पॅनलएवढी, म्हणजे चौरस फुटाला ३० किलो. गच्चीच्या डिझाइनपेक्षा दुप्पट. क्रेनने ते स्लॅबच्या बरोब्बर मधोमध ठेवून सगळे जेवायला जातात. पॅलेट खालीच फोडा, किंवा बीमच्या रेषांवर पाचसहा पाचसहा करून पसरा, त्या खडूच्या रेषा इथेच कामी येतात. अर्धवट आवळलेले पॅनल रात्रभर ठेवायचे नाहीत, संध्याकाळी वारा सुटला तर कडेचे पहिले जातात.

काम संपलं की प्रत्येक नटावर आणि बोल्टवर मिळून पेंटमार्करची एक सरळ रेघ ओढून घ्या. नट फिरला की रेघ तुटलेली दिसते, लांबूनसुद्धा. पहिल्या दोनतीन महिन्यांत एकदा सगळं परत टॉर्क रेंचने बघायचं कारण नवीन जोड थोडे बसतात, मग वर्षातून एकदा आणि प्रत्येक मोठ्या वादळानंतर. कोपऱ्यातल्या पायापासून सुरू करा, बेसप्लेटखाली फट पडलीये का, ग्राउट चिरलंय का, आणि त्याच पायाच्या बरोबर खाली घरात जाऊन सिलिंगला ओल आलीये का. डिझाइन शीट, पुल-आउटचा रिपोर्ट आणि पेडेस्टलचे फोटो शेवटचा हप्ता द्यायच्या आधी हातात घ्या, नंतर फोन उचलला जाईलच असं नाही.